दुसऱ्याच्या व्यसनातून सुटताना : लोइस विल्सनची गोष्ट

अमेरिकेत चार-पाच वर्षं काढली की ‘एए’ ही दोन अक्षरं ओळखीची होतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. चर्चच्या तळघरात गोल करून बसलेली माणसं, हातात कॉफीचे कागदी कप, एकेकाने आपल्या पिण्याबद्दल बोलायचं, हा सीन आपण कितीतरी सिनेमांत पाहिलेला असतो. ही संस्था सुरू करणाऱ्या दोघांपैकी बिल विल्सनचं नावही काहींनी ऐकलेलं असतं. त्याच्या बायकोचं नाव मात्र आपल्या मंडळींत फारसं कुणाला ठाऊक नसतं. लोइस विल्सन. दारू पिणाऱ्याच्या घरच्या माणसांसाठी अल-अनॉन ही संस्था उभी राहिली, ती तिच्यामुळे.

घरात एकजण पीत असेल, तर सगळ्या घराचं घड्याळ त्याच्यावर लावलेलं असतं. तो कधी येणार, कसा येणार, उद्या कामावर जाईल का? आपण साता समुद्रापार असलो तरी यातून सुटका नसते. भाऊ तिकडे पीत असतो आणि इकडे आपली झोप उडालेली असते. आईचा मिस्ड कॉल दिसला की पोटात गोळा येतो. तो माणूस सुधारला, तर त्याचं कौतुक होतं, ते व्हायलाही हवं. पण तोवर घरातल्या इतरांचं काय झालं आणि त्यांनी पुन्हा कुठून सुरुवात करायची, हे कुणी विचारत नाही. लोइसच्या आयुष्यात या प्रश्नाचं उत्तर सापडतं. ते तिला चटकन मिळालं नव्हतं, म्हणूनच ते खरं वाटतं.

लोइसचा जन्म ४ मार्च १८९१ रोजी ब्रुकलिनमध्ये झाला. वडील क्लार्क बर्नहॅम डॉक्टर होते. घर सुखवस्तू होतं आणि लोइस भावंडांत सगळ्यात मोठी. उन्हाळा आला की अख्खं कुटुंब व्हरमाँट राज्यात मुक्कामाला जाई. तिथेच तिची बिलशी ओळख झाली. तो तिच्यापेक्षा साडेचार वर्षांनी लहान, आईवडील विभक्त झालेले, आजी-आजोबांनी वाढवलेला. शहरातली डॉक्टरांची मुलगी आणि खेड्यातला हा पोरगा, जोडी तशी विजोडच. पण दोघांचं जमलं. पहिलं महायुद्ध सुरू होतं, बिल सैन्यात होता आणि त्याला कधीही युरोपात पाठवलं जाईल अशी परिस्थिती होती. म्हणून लग्न घाईने उरकलं, तारीख २४ जानेवारी १९१८. 

तोवर बिलने दारूची चव घेतलेली होती. लोइसला त्याची फार काळजी वाटली नव्हती. आपला सहवास, आपलं प्रेम, नीटनेटकं घर मिळालं की पिणं आपोआप सुटेल, असा तिचा पक्का समज होता. लग्न झालं की सुधारेल, हे वाक्य आपल्याकडे किती घरांत बोललं गेलं असेल, याचा हिशोब न केलेलाच बरा. 

युद्धाहून परतल्यावर बिल नोकरी करत रात्री कायद्याचं शिक्षण घेऊ लागला. लोइस ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून रुग्णालयात काम करत होती. दोघांना मुलं हवी होती. पण तिची लागोपाठ तीन गर्भारपणं गर्भाशयाबाहेर राहिली आणि शस्त्रक्रियेनंतर मूल होण्याची शक्यताच संपली. दत्तक घेण्यासाठी अर्ज केला, तिथूनही मूल मिळालं नाही. बिलचं पिणं आड आलं होतं, हे तिला पुढे कळलं. आई होण्याचं जे स्वप्न होतं, ते असं दोन्ही बाजूंनी मिटलं. मग तिची सगळी शक्ती एकाच कामावर लागली : बिलला दारूतून बाहेर काढायचं.

त्यासाठी तिने काय काय केलं, ते वाचताना थक्क व्हायला होतं. १९२५ साली दोघांनी नोकऱ्या सोडल्या, साइडकार जोडलेली हार्ले-डेव्हिडसन घेतली, त्यात तंबू आणि सामान कोंबलं आणि जवळजवळ वर्षभर रस्त्यावर काढलं. बिलच्या डोक्यात होतं की, कारखान्यांना प्रत्यक्ष भेटी द्यायच्या, कोणती कंपनी वर जाईल याचा अंदाज घ्यायचा आणि शेअर बाजारात त्याचा उपयोग करायचा. लोइसच्या डोक्यात वेगळंच होतं. मित्रांपासून आणि शहरातल्या गुत्त्यांपासून त्याला लांब न्यायचं. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती, १९२० ते १९३३ अशी तब्बल तेरा वर्षं. पण ज्याला प्यायची त्याला मिळत होती, आणि बिलला ती रस्त्यातही मिळाली.

त्या प्रवासाचा व्यवसायात मात्र फायदा झाला. परतल्यावर वॉल स्ट्रीटवर बिलचा जम बसला, पैसा आला, त्याबरोबर पिणंही वाढलं. तो कुटुंबाच्या बायबलमध्ये दारू सोडल्याची प्रतिज्ञा लिहून द्यायचा. काही दिवसांनी ती मोडायचा, मग पुन्हा नवी तारीख, नवी प्रतिज्ञा. लोइस प्रत्येक वेळी विश्वास ठेवायची. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाजार कोसळला आणि होतं नव्हतं ते गेलं. दोघं तिच्या माहेरच्या घरी, १८२ क्लिंटन स्ट्रीटवर राहायला आले. लोइसने मेसीज या मोठ्या दुकानात नोकरी धरली. दिवसभर काउंटरवर उभं राहायचं, संध्याकाळी घरी येऊन लपवलेल्या बाटल्या शोधायच्या, रात्री त्याला अंथरुणावर घालायचं. मधेच एकदा नोकरी सोडून ती त्याला व्हरमाँटला घेऊन गेली, हवापालट होईल म्हणून. तिथून आल्यावर पहिले पाढे पंचावन्न.

१९३४ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये डॉक्टर सिल्कवर्थ यांनी तिला स्पष्ट सांगितलं की, हे असंच चाललं तर बिलला कोंडून ठेवावं लागेल, नाहीतर तो वेडा होईल किंवा मरेल. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांच्या धडपडीचा निकाल तिच्या हातात पडला तो हा.

त्यानंतरच्या घटना एएच्या इतिहासात पाठ केल्यासारख्या सांगितल्या जातात. नोव्हेंबरमध्ये एबी थॅचर हा बिलचा जुना पिणारा मित्र घरी आला, तो न पिता. ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या धार्मिक मंडळींच्या संगतीत त्याची दारू सुटली होती. ११ डिसेंबर १९३४ रोजी बिल पुन्हा टाउन्स हॉस्पिटलमध्ये दाखल झाला आणि त्यानंतर त्याने दारूला हात लावला नाही. पुढल्या वर्षी ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात त्याची डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याला सावरू शकतो, हे दोघांना उमगलं. त्यातून एए जन्माला आली. जून १९३५ हा तिचा जन्म मानतात.

आता लोइस सुखी व्हायला हवी होती, नाही का? जे मागितलं ते मिळालं होतं. सुरुवातीला ती आनंदात होतीही. पण हळूहळू तिला काहीतरी खुपायला लागलं. बिल रोज कुठल्या ना कुठल्या बैठकीला जायचा आणि पिणाऱ्यांना घरी घेऊन यायचा. घर बाहेरच्या माणसांनी भरलेलं. बिलला कमाई नव्हती, लोइसची नोकरी चालूच होती. स्वयंपाकही तिच्याकडेच. एकदा बिल सहज म्हणाला की आवर, बैठकीला उशीर होईल. तिच्या हातात बूट होता. तो तिने त्याच्या त्या बैठकींना शिव्या घालत जोरात भिरकावला.

बूट फेकणारी लोइस स्वतःच चपापली. नवरा दारू पिऊन आला त्या रात्री तिने इतका संताप केला नव्हता, मग आज, तो शुद्धीत असताना, हे काय? तिने यावर पुष्कळ विचार केला, आणि जे हाती लागलं ते सुखद नव्हतं. सतरा वर्षं तिच्या आयुष्याला एकच काम होतं. ते काम तिला जमलं नाही, आणि एका जुन्या दारुड्या मित्राने आणि कुण्या परक्या मंडळींनी थोड्या दिवसांत करून दाखवलं. तिला त्यांचा मत्सर वाटत होता. शिवाय इतकी वर्षं त्याची आई, नर्स, कमावती आणि पहारेकरी होण्याची सवय जडली होती. आता त्या सगळ्या भूमिका एकदम गेल्या. मग आपण कोण? बिलची दारू सुटली होती, पण बिलला सोडवण्याचं तिचं वेड सुटलं नव्हतं.

माझ्या मते लोइसचं पुढचं सगळं काम या जागेतून निघालं. तिने ठरवलं की, बिल आणि त्याचे मित्र ज्या तत्त्वांनी स्वतःला तपासतात, त्याच तत्त्वांनी आपणही स्वतःला तपासायचं. त्याच्यासाठी म्हणून नव्हे, आपल्यासाठी. शाळेत व्याकरणाच्या तासाला कर्ता ओळखायला लावत, ते आठवा. लग्नापासून तिच्या प्रत्येक संकल्पाचा कर्ता बिल होता : बिल पिणार नाही, बिल नोकरी टिकवेल, बिल वेळेवर येईल. अशा वाक्यात आपण कितीही जीव ओतला तरी क्रियापद दुसऱ्याच्या हातात असतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, ज्या सिस्टीमचा अ‍ॅडमिन पासवर्ड आपल्याकडे नाही, तिची डेडलाइन आपण घेऊ नये. लोइसने आता वाक्याचा कर्ता बदलायला घेतला.

हे एका दिवसात झालं नाही. १९३९ साली एएचं प्रसिद्ध पुस्तक निघालं. त्यात पिणाऱ्यांच्या बायकांना उद्देशून एक प्रकरण आहे. ते आपण लिहावं असं लोइसला वाटत होतं. बिलने ते स्वतःच लिहून टाकलं. बायकांच्या मनातलं, बायकोच्या आवाजात, आणि लिहिणारा नवरा! तिला ते लागलं, आणि ही गोष्ट तिने पुढे लपवलीही नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कर्ज थकल्यामुळे क्लिंटन स्ट्रीटचं घर गेलं. पुढची दोन वर्षं दोघं मित्रांच्या आणि ओळखीच्यांच्या घरी राहिले. या काळात त्यांनी पन्नासच्या वर जागा बदलल्या. आपल्यातला जो कुणी एच-वन-बी व्हिसावर पाच वर्षांत चार अपार्टमेंट बदलून वैतागला असेल, त्याने हा आकडा पुन्हा वाचावा.

१९४१ च्या एप्रिलमध्ये, पन्नाशी गाठलेली असताना, लोइसला स्वतःचं घर मिळालं. न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेला बेडफर्ड हिल्स भागात, टेकडीवर. ज्या बाईंचं ते घर होतं त्यांच्या नवऱ्याचा बळी दारूनेच घेतला होता. त्यांनी किंमत लावली साडेसहा हजार डॉलर, सुरुवातीला काही न देता महिना ४० डॉलर हप्ता. या घराला पुढे स्टेपिंग स्टोन्स असं नाव पडलं, म्हणजे ओढा ओलांडताना पाय ठेवायला टाकलेले दगड. एका उडीत पलीकडे जायचं नाही, पुढच्या दगडावर पाय टाकायचा, एवढंच. लोइसने बाग लावली, जुनं फर्निचर दुरुस्त केलं, घर लावलं. सतरा वर्षं एकाच अशक्य ध्येयामागे धावलेल्या बाईला वाफा खुरपणं आणि खुर्ची रंगवणं ही कामं किती सुखाची वाटली असतील! सकाळी सुरू करायची आणि संध्याकाळी झालेली दिसायची.

एव्हाना एए देशभर पसरत होती. बैठकीला नवरे आत बसत, बायका बाहेर कॉफी करत किंवा गाडीत वाट बघत. वाट बघता बघता त्या एकमेकींशी बोलू लागल्या. जागोजागी घरच्या माणसांचे छोटे गट आपसूक तयार झाले. १९५० च्या सुमारास बिलने सुचवलं की या गटांना कुणीतरी एकत्र बांधायला हवं. लोइसला सुरुवातीला उत्साह नव्हता. साठीला आलेली, नुकतं कुठे घर आणि बाग लाभलेली, तिला ते सोडवेना. पण तिने हो म्हटलं. १९५१ मध्ये तिने आणि शेजारच्या गावातल्या अ‍ॅन बी. या मैत्रिणीने स्टेपिंग स्टोन्सच्या माडीवर टेबल मांडलं आणि यादीतल्या ८७ पत्त्यांवर पत्रं पाठवली. उत्तरं आली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या नावातली पहिली अक्षरं जोडून अल-अनॉन हे नाव ठरलं. पुढच्याच वर्षी पत्रव्यवहार इतका वाढला की काम न्यू यॉर्क शहरात हलवावं लागलं.

एएच्या बारा पायऱ्या त्यांनी जशाच्या तशा घेतल्या, शेवटच्या पायरीत फक्त एक शब्द बदलून. एए म्हणते की हा संदेश पिणाऱ्यांपर्यंत पोचवा. अल-अनॉन म्हणते इतरांपर्यंत. पहिली पायरी मात्र तीच राहिली : दारूपुढे आपलं काही चालत नाही, हे मान्य करणं. पिणाऱ्याने हे म्हणणं समजू शकतं. न पिणाऱ्या बायकोने, आईने, भावाने हे का म्हणायचं? कारण त्यांचंही चाललेलं नसतं. हे व्यसन आपण लावलेलं नाही, ते आपल्या ताब्यात नाही आणि बरं करणंही आपल्या हातात नाही, हे तीन मुद्दे अल-अनॉनमध्ये नव्याने येणाऱ्याला सांगितले जातात. ऐकायला निराशाजनक वाटतात. पण आपण कमी पडलो म्हणून तो पितो, असं वर्षानुवर्षं मानणाऱ्या माणसाच्या पाठीवरचं ओझं त्यांनी उतरतं. १९५७ साली पिणाऱ्यांच्या किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन हा वेगळा गटही सुरू झाला.

लोइसचा संसार त्यानंतर परीकथा झाला, असं समजू नका. बिलला नैराश्याने वर्षानुवर्षं ग्रासलं होतं. त्याच्या आयुष्यात इतर स्त्रिया होत्या, असं चरित्रकारांनी लिहिलं आहे. दारू सुटली तरी सिगारेट काही सुटेना. फुप्फुसं निकामी होत गेली आणि २४ जानेवारी १९७१ रोजी, त्यांच्या लग्नाच्या ५३ व्या वाढदिवशीच, तो गेला. म्हणजे ज्या बाईने जगभरच्या बायकांना सांगितलं की दुसऱ्याचं व्यसन आपल्या हातात नसतं, तिला शेवटच्या आजारातही तेच अनुभवावं लागलं.

तेव्हा ती ७९ वर्षांची होती. पुढेही ती १७ वर्षं जगली, आणि ती वर्षं कुणाची विधवा म्हणून बसून काढली नाहीत. अल-अनॉनच्या कामासाठी फिरली, १९७९ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केलं, घर जपण्यासाठी प्रतिष्ठान स्थापन केलं. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी तिचं निधन झालं. व्हरमाँटमध्ये बिलशेजारी तिला पुरलं आहे. २०१२ पासून स्टेपिंग स्टोन्स हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. माडीवरचं तिचं टेबल आजही पाहायला मिळतं.

आता आपल्याबद्दल. परदेशात बसून घरच्या माणसाचं पिणं सोडवण्याचा आपला कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. रोज फोन, दर महिन्याला पैसे, त्याची उधारी फेडणं, वर्षातून एकदा सुट्टी काढून जाऊन शेवटचं समजावणं, त्याच्याकडून शपथ घेणं. बायबलमधली प्रतिज्ञा आणि देवासमोरची शपथ यांत फरक फक्त देवाचा. नवरा इथेच पीत असेल तर प्रकार आणखी अवघड. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला हसत जायचं, मुलांना गप्प राहायला शिकवायचं आणि सासरी काही कळू द्यायचं नाही.

लोइसच्या आयुष्याकडे पाहून यावर काही साधी ध्येयं ठरवता येतील. या आठवड्यात तीन रात्री फोन सायलेंटवर टाकून सात तास झोपेन. आईशी बोलताना दहा मिनिटं तरी भावाचा विषय न काढता तिच्या गुडघ्यांबद्दल, तिच्या भिशीबद्दल बोलेन. त्याच्या उधारीचे पैसे पाठवणार नाही, औषधाचे थेट दवाखान्यात भरेन. अर्धवट सोडलेला कोर्स पुरा करेन. महिन्यातून एक रविवार फक्त मुलांचा. ही ध्येयं क्षुल्लक दिसतात. पण प्रत्येकाचा कर्ता आपण आहोत, आणि तो प्याला किंवा नाही प्याला तरी ती पुरी होऊ शकतात. एखाद्या आठवड्यात नाही जमलं, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्यायचं. ज्या घरात मारहाण होते तिथे मात्र पहिलं ध्येय एकच : स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता. सोसत राहा, असं लोइसच्या शिकवणीत कुठेही नाही.

आणि हे एकट्याने करायचं नाही. अल-अनॉनच्या बैठका जगात अनेक देशांत होतात, ऑनलाइनही होतात. आडनाव सांगावं लागत नाही, त्यामुळे लोक काय म्हणतील हा प्रश्न दाराबाहेर राहतो. मुंबई-पुण्यातही गट आहेत. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. तिकडे वहिनी किंवा आई एकटी झुंजत असेल, तर पैशांबरोबर तिला हा पत्ताही कळवा. ती जाईल की नाही, हे तिच्यावर सोडा. कळवण्याचं काम तेवढं आपलं.